पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा तुमच्या भिंतीवर अजून आहेत का?

ओढ्याकाठी | २४ मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फूट ३ इंचांवर. फरक आठ इंचांचा. त्यामुळे गप्पांत हे दोन पूर जुळे भाऊ असल्यासारखे येतात, "एकवीसचा जरा मोठा" एवढं म्हणून विषय संपतो. मी पूर आणि भूजल या विषयांत काम करते. माझ्या मते हे दोन पूर मुळातच वेगळे होते आणि तो फरक बंधाऱ्यावरच्या एका आकड्यात दिसतच नाही. तो दिसतो तुमच्या घराच्या भिंतीवर. म्हणून हा धागा.

२०१९ ला धरणं काठोकाठ होती. वरून पाऊस थांबत नव्हता, धरणातून पाणी सोडणं भाग होतं आणि तिकडे नृसिंहवाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णाही फुगलेली. पाणी चढलं आणि मग मुक्कामच ठोकून बसलं. २०२१ ला धरणांत बऱ्यापैकी जागा होती, पण घाटमाथ्यावर दोन-तीन दिवसांत अफाट पाऊस कोसळला. त्याच दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर नोंदला गेला, यावरून अंदाज करा. आपल्याकडे पाणी आलं ते मुख्यतः धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटातून, आणि फार वेगाने.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बातम्यांमध्ये तिची कायम सरमिसळ होते. बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवर फूट दिसतात ती पातळी. दर सेकंदाला किती पाणी पुढे जातं तो विसर्ग, तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. पातळीवरून विसर्ग काढायला एक वक्र वापरतात, पण मोठ्या पुरात तो वक्र एकच राहत नाही. पूर चढत असताना पाण्याच्या पृष्ठभागाला उतार जास्त असतो, म्हणून समजा ४५ फुटांवर पाणी जोरात पुढे सरकतं. तोच पूर उतरताना पुन्हा ४५ फुटांवर आला की उतार कमी झालेला असतो आणि विसर्गही कमी भरतो. त्यात पुढे कृष्णा तुंबलेली असली तर विसर्ग घटत असतानाही पातळी वाढू शकते. म्हणजे ५५ फूट ७ इंच आणि ५६ फूट ३ इंच या दोन आकड्यांमागे पाण्याचे दोन वेगळे हिशेब आहेत.

बंधाऱ्यावर आठ इंच वाढले म्हणून चिखलीत, दुधाळीत, शाहूपुरीत आठच इंच वाढले असं होत नाही. कुठे जास्त, कुठे कमी, कुठे उलटही. कुठे किती, हे कळलं तर नदीचा तो पट्टा पुरात कसा वागतो ते कळतं. संगणकावरचं प्रारूप तपासायलाही हाच पुरावा लागतो.

माझी विनंती: ज्यांच्या घरात, गोठ्यात, दुकानात, देवळात दोन्ही पुरांच्या खुणा असतील त्यांनी इथे लिहा. गल्ली आणि ढोबळ ठिकाण पुरे, घर नंबर आणि नाव लिहू नका. खूण कशाची आहे तेही सांगा: चिखलाची रेघ, ओलीचा डाग, की कुणी खडूने-रंगाने ओढलेली रेघ. पावसाळ्याआधी रंगरंगोटी होते आणि खुणा जातात, म्हणून आत्ता विचारते आहे.

बावड्याचा | २४ मे, रात्री १०.३५

ताई, लई चांगला विषय काढलासा. आमचं रान बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. पावसाआधी बरगे, म्हंजे पाणी अडवायच्या फळ्या, काढत्यात, पाऊस सरला की घालत्यात, हे ल्हानपणापासनं बघतोय. पुरात झाडाचे ओंडके, जलपर्णी, काय काय यिऊन खांबाला अडकतंय. मग पट्टीवरचं पाणी त्या अडकण्यानं वाढतंय का खरंच नदीला जास्त आलंय, हे कसं कळायचं? आनि दुसरं. ४३ फूट म्हंजे नदीत ४३ फूट खोल पाणी, असं पोरं समजत्यात. तसं न्हाई न्हवं?

ओढ्याकाठी | २४ मे, रात्री ११.०५

दादा, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

दुसऱ्याचं आधी. बरोबर, तशी खोली नाही. पट्टीचा शून्य एका ठरलेल्या उंचीला बांधलेला असतो. ३९ फूट इशारा पातळी म्हणजे समुद्रसपाटीपासून ५४२.०७ मीटर, ४३ फूट धोका पातळी म्हणजे ५४३.२९ मीटर. मागे मोजत गेलात तर शून्य ५३० मीटरच्या आसपास येतो. नदीचा तळ जागोजागी वेगळा, त्यामुळे खोलीही वेगळी.

पहिल्याचं: पाणी कमी असताना बंधारा हाच नदीचा उंबरा असतो. तेव्हा बरगे, अडकलेला कचरा यांनी वरच्या अंगाची पातळी नक्की वाढते. पाणी ४० फुटांपुढे गेलं की बंधारा पूर्ण बुडालेला असतो, वरच्या आणि खालच्या अंगाच्या पातळीत फार फरक उरत नाही आणि त्याचा अडथळा तुलनेने किरकोळ होतो. तेव्हा पातळी ठरते ती पुढच्या पात्राच्या उतारावर, वळणांवर, रस्त्यांच्या भरावांवर आणि कृष्णेवर. तुमच्या रानात बंधाऱ्याच्या वर आणि खाली अशा दोन्हीकडच्या खुणा असतील तर त्या मला सोन्यासारख्या आहेत.

जयसिंगपुरी | २५ मे, सकाळी ७.५०

हे सगळं ठीक आहे, पण मूळ मुद्द्याला कुणी हात घालत नाही. कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण. तिथे पाणी अडवायचं आणि आम्ही इथे बुडायचं. आता तर उंची वाढवणार म्हणतात. भिंतीवरच्या रेघा मोजून काय होणार?

कुरुंदवाडकर | २५ मे, सकाळी ९.२०

अलमट्टीबद्दल ताई सांगतीलच. मी आमच्या भागातलं सांगतो, कारण तुमच्या कोल्हापूर शहरातल्या पुराची दुसरी बाजू आमच्याकडे आहे.

आमच्याकडे पूर मोजायची जुनी जागा म्हणजे नृसिंहवाडीचं दत्तमंदिर. कृष्णेचं पाणी उत्तरेच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. लोक स्नानाला येतात, आनंदाचा दिवस असतो. पण नदी बघणाऱ्याला त्यात दुसरंही दिसतं. वाडीला पाणी त्या उंचीला पोचलं म्हणजे संगमावर कृष्णा भरली, आता पंचगंगेला वाट सहज मिळायची नाही. माझे आजोबा एवढ्यावरून जनावरं वरच्या माळाला हलवायचे.

२०१९ ला पाणी उतरेचना. घरात गाळ होताच, पण रानात पाणी इतके दिवस राहिलं की ऊस शेंड्यापर्यंत कुजला आणि काळ्या जमिनीचा पार चिखलगोळा झाला. २०२१ ला पाणी वेगाने आलं, धडकी भरवून गेलं, पण तुलनेने लवकर ओसरलं. उंची बघाल तर दोन्ही सारखेच. जमिनीला विचाराल तर २०१९ चा मोठा. आधीच आमच्या शिरोळ तालुक्यात जास्त पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्यात, पाण्याचा निचरा होत नाही. त्यात पूर थांबला की भूजल वर येतं आणि क्षार पुन्हा वर खेचले जातात. म्हणून माझं म्हणणं, खुणेबरोबर पाणी किती काळ राहिलं हेही लिहायला सांगा.

ओढ्याकाठी | २५ मे, दुपारी १.४०

कुरुंदवाडकर, मुक्काम लिहायचा मुद्दा एकदम मान्य. सगळ्यांनी खुणेबरोबर पाणी कधी शिरलं आणि कधी उतरलं तेही आठवेल तसं लिहा. तास आठवत नसेल तर "पहाटे", "दिवेलागणीला" एवढंही चालेल.

जयसिंगपुरी, तुमचा राग मला समजतो. ज्याचं घर बुडतं त्याला उत्तर मिळायलाच हवं. मला जे ठाऊक आहे ते मांडते.

अलमट्टीची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या ब्रिजेशकुमार लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली आहे, वाद त्यावरचा. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ५४३ मीटरच्या वर आहे हे मी वर लिहिलंच. म्हणजे आज धरण काठोकाठ भरलं तरी त्याच्या पाण्याची आडवी रेघ सरळ कोल्हापूरपर्यंत ओढली तर ती आपल्या धोका पातळीच्या वीस मीटरांहून जास्त खाली राहते. २०१९ नंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली बांधकामं यांवर बोट ठेवलं.

पण एवढ्यावर "विषय संपला" असं मी म्हणणार नाही. वाहत्या नदीचं पाणी आडव्या रेघेत नसतं, त्याला पुढे जायला उतार लागतो. जलाशयाच्या शेपटाला, जिथे नदीचा वेग मंदावतो, तिथे गाळ बसतो. वर्षानुवर्षं बसलेल्या गाळाने तळ उचलला की फुगवटा (धरणामुळे मागे साचत जाणारं पाणी) मूळ हिशेबापेक्षा वर सरकू शकतो. तो किती सरकला हे नदीचे आडवे छेद पुन्हा पुन्हा मोजूनच कळतं. शिरोळपासून खाली सीमेपर्यंत पुराच्या खुणा नीट मोजल्या, तर पाण्याच्या पृष्ठभागाचा खरा उतार हाती येतो. तो उतार पुढे जाताना एकदम सपाट होत गेला तर फुगवट्याचा पुरावा मिळेल. तसा झाला नाही तर तेही कळेल. दोन्ही बाजूंचे लोक आज ज्यावर भांडतात ते भिंतीवरच्या रेघांनी तपासता येतं. तुमच्या भागातल्या खुणा म्हणूनच मला हव्या आहेत.

जयसिंगपुरी | २५ मे, दुपारी ३.०५

माझं मत अजून तेच आहे. पण मोजायला हरकत नाही. आमच्या आळीत दोन खुणा आहेत, फोटो काढून टाकतो.

पंचनाईक | २५ मे, दुपारी ३.३०

वाचतोय. फार उपयोगी धागा.

गगनगडाखाली | २५ मे, रात्री ८.४५

आम्ही गगनबावड्याकडचे. तुमच्या नदीचं पाणी आमच्या अंगणातून जातं असं समजा. कुंभी इथूनच येते. आमच्याकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि कोल्हापुरात हजाराच्या आसपास. मध्ये अंतर जेमतेम ५५ किलोमीटर. शहरात ऊन पडलेलं असतं आणि आमच्याकडे समोरचा माणूस दिसत नाही. "इथे पाऊस नाही तरी नदी कशी वाढली" म्हणून लोक फोन करतात, तेव्हा त्यांना हेच सांगतो.

मी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक वाचतो. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे आदल्या साडेआठपासूनचा चोवीस तासांचा पाऊस. एक प्रश्न आहे. जूनमध्ये दीडशे मिलिमीटर पडला तर ओढे साधारण भरतात. जुलैअखेर तेवढाच पडला तर सगळं बेफाम होतं. आमच्या सड्यावर तर स्पष्ट दिसतं. याचा हिशेब तुम्ही लोक कसा धरता?

ओढ्याकाठी | २५ मे, रात्री १०.००

दादा, तुमच्या नोंदवहीची किंमत मी शब्दांत सांगू शकत नाही. आणि प्रश्नात उत्तराचा अर्धा भाग तुम्हीच दिलाय.

आपल्याखालचा खडक काळा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी जवळजवळ मुरत नाही. मुरतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि भेगांत. घाटमाथ्यावर त्याच्यावर जांभ्याची टोपी आहे, तोच तुमचा सडा. जांभा सच्छिद्र. जूनचा पाऊस आधी तो पितो, मुरूम पितो, कोरडी माती पिते. जुलैच्या मध्यापर्यंत सगळ्यांची पोटं भरतात, झरे फुटतात, आणि त्यानंतर पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब उतारावरून धावतो. हिशेबात याला आधीची ओल म्हणून धरतात. मागच्या काही दिवसांचा पाऊस बघून ठरवतात की आजच्या पावसातला किती भाग वाहणार. म्हणून फक्त आजचा आकडा बघून पुराचा अंदाज चुकतो, मागच्या पंधरवड्याच्या नोंदी लागतात.

किती पाणी ते बघा. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर. शंभर चौरस किलोमीटरवर २८३ मिलिमीटर पडला की एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) झालं. जुलैत तुमच्याकडे दोनशे-तीनशे मिलिमीटरचा दिवस नवा नाही. आता तुलना करा. पंचगंगेच्या वरची चार मुख्य धरणं: राधानगरी ८.३६, तुळशी ३.४७, कासारी २.७७, कुंभी २.७१. सगळी मिळून १७.३१ टीएमसी. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक. साती उघडले तर दहा हजारांच्या घरात, म्हणजे दिवसभरात पाऊण टीएमसीहून थोडं जास्त. हे पाणी कमी नाही आणि भरलेल्या नदीत नको त्या वेळी आलं तर घातकच. पण मोकळ्या पाणलोटावर अतिवृष्टी झाली तर पाऊस एकटाच त्याच्या कितीतरी पट पाणी देतो, आणि त्याला दरवाजा नाही.

जाता जाता: काळम्मावाडी भरलं की कोल्हापुरात लोक घाबरतात. ते धरण दूधगंगेवर आहे, ती कृष्णेला वेगळी जाऊन मिळते. तिचा विसर्ग पंचगंगेत येत नाही.

गगनगडाखाली | २५ मे, रात्री १०.२५

मागच्या सगळ्या वह्या जपून ठेवल्यात. पोरांकडून फोटो काढून घेतो. एक सांगतो, फार जोराच्या पावसात बाटली भरून सांडते, म्हणून तेव्हा मी मध्येच मोजून ओततो आणि वहीत तशी नोंद करतो. तुम्ही बेरीज करताना ते बघा. आपोआप मोजणारी केंद्रंही झालीत आता मंडळामंडळात, पण आमच्या एका मंडळात माथ्यावरचा आणि पायथ्याचा पाऊस वेगळा.

पुण्याहून_नागाळ्याचा | २६ मे, सकाळी ११.१५

मी पुण्यात नोकरीला, आई-बाबा नागाळा पार्कात. २०१९ ला त्यांना बोटीतून काढलं. आता त्या भागात फ्लॅट बघतोय. बिल्डर म्हणतो, "साहेब, हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता, येऊन गेला." मग दोन वर्षांत परत कसा आला? आणि निळी रेषा, लाल रेषा म्हणजे नक्की काय?

ओढ्याकाठी | २६ मे, दुपारी १२.५०

हे वाचून जीव कळवळला. आई-बाबा आता बरे असतील अशी आशा.

निळी रेषा साधारणपणे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी, असा ढोबळ नियम.

"शंभर वर्षांचा पूर" म्हणजे एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी, असा अर्थ अजिबात नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का, काल येऊन गेला असला तरी आज तेवढीच. तुम्ही ३० वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर त्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के. निळ्या रेषेच्या पुराची शक्यता दरवर्षी ४ टक्के, आणि २५ वर्षांत किमान एकदा येण्याची ६४ टक्के. घराचा निर्णय या आकड्यांवर घ्या.

वर या हिशेबाची एक अट आहे: मागच्या नोंदी पुढच्या काळाला लागू पडतात असं तो गृहीत धरतो. पाऊस बदलत असेल, नदीकाठी भराव वाढले असतील, तर आज शंभर वर्षांचा म्हणवणारा पूर उद्या त्याहून वारंवार येणारा ठरू शकतो. २०२४ च्या जुलैतही पंचगंगेने धोका पातळी ओलांडली होती. प्रत्येक मोठ्या पुरानंतर हे गणित नव्याने मांडायला हवं.

बिल्डरला तोंडी विचारू नका. त्या प्लॉटची जोत्याची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर, ते लेखी मागा आणि पूररेषेच्या नकाशाशी ताडून बघा. शेजारच्या जुन्या घरातली खूणही बघा.

लेव्हलवाला | २६ मे, सायंकाळी ६.३०

स्थापत्य अभियंता आहे, म्हणून मोजणीबद्दल थोडं.

फुकटात मिळणारे उंचीचे उपग्रह-नकाशे साधारण ३० मीटरच्या चौकटीचे असतात आणि उंचीत काही मीटरची चूक सहज निघते. इंचांचा प्रश्न त्यांच्यावर सोडवता येणार नाही. मोबाईलवर दिसणारी उंची तर विसराच. रडार उपग्रह ढगांतून बघतो, पाण्याचा विस्तार छान दाखवतो, पण एक उपग्रह त्याच मार्गावर १२ दिवसांनी परत येतो. पुराचा माथा बहुतेक वेळा दोन फेऱ्यांच्या मध्येच निघून जातो. उसात उभं असलेलं पाणीही त्याला नीट दिसत नाही.

त्यामुळे जुनाच मार्ग: ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण), स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) आणि जवळचा खात्रीचा बेंचमार्क (उंची ठाऊक असलेली पक्की खूण). तिथून उंची ओढत खुणेपर्यंत आणायची, मग परत बेंचमार्कवर येऊन फरक तपासायचा. शहरात हे काम एका सुट्टीत बऱ्याच घरांचं होतं. लोकांनी एवढंच करावं: खुणेपासून न हलणाऱ्या गोष्टीपर्यंत, म्हणजे उंबरा, जोतं, दगडी पायरी, टेपने अंतर मोजून लिहून ठेवावं. पुढे भिंत रंगवली तरी उंबऱ्यावरून खूण परत काढता येते. माझी लेव्हल आहे, रविवारी मी मोकळा असतो.

ओढ्याकाठी | २६ मे, सायंकाळी ७.००

लेव्हलवाले दादा, मनापासून आभार. उंबऱ्याची युक्ती सगळ्यांनी लक्षात घ्या.

ऊस निघालाच आहे तर एक भर. ऑगस्टमध्ये उसाची उंची पुरुषभर असते. काठाबाहेर आलेल्या पाण्याला तो मोठा खरखरीतपणा देतो, पाणी मंदावतं आणि वर चढतं. शिरोलीजवळचा महामार्गाचा भरावही असाच एक प्रश्न. दोन्ही पुरांत तो रस्ता पाण्याने बंद पडला होता. भरावाच्या वर आणि खाली एकाच पुराच्या खुणा मिळाल्या तर त्याने पाणी किती इंच अडवलं हे थेट सांगता येईल. शिरोलीत कुणी आहे का?

कुंभारगल्लीतली | २७ मे, रात्री ९.५५

शाहूपुरी कुंभार गल्लीतून लिहिते आहे. आमच्याकडे पूर म्हणजे ऐन गणपतीच्या कामात. ओल्या मूर्ती हलवायच्या म्हणजे काय असतं ते आम्हालाच माहीत. मूर्ती हलवता हलवता पाणी कुठवर आलं ते सासऱ्यांनी खांबावर गेरूने लिहून ठेवलंय, दोन्ही सालांचं. पण भिंतीवरचा चिखलाचा डाग गेरूच्या रेघेपेक्षा बराच वर आहे. खरं कुठलं धरायचं? आणि दरवेळी पाणी नदीच्या बाजूने न येता मागून, नाल्याकडून येतं. हे का?

ओढ्याकाठी | २७ मे, रात्री १०.४०

ताई, सासऱ्यांनी फार मोलाचं काम करून ठेवलंय. गेरूची रेघ धरा. भिंतीचा गिलावा पाणी वर ओढतो, म्हणून ओलीचा डाग खऱ्या पाण्यापेक्षा वर जातो, आणि पाणी जितके दिवस राहील तितका वर. तिथे चिखलाचा पातळ थर बसला असेल तर तो भाग वेगळा बघा: गाळाची बारीक, सरळ, आडवी कड शोधा. बंद खोलीतली, कपाटामागची, काचेवरची कड सगळ्यात भरवशाची, कारण तिथे लाटा पोचत नाहीत. रस्त्याकडच्या भिंतीवर बोटी-ट्रॅक्टरच्या लाटांनी खूण वर ढकललेली असते.

मागून पाणी येतं ते जयंती नाल्यामुळे. नदी फुगली की नाल्याचं तोंड बुडतं. नाल्याचं स्वतःचं पाणी बाहेर पडत नाहीच, उलट नदीचं पाणी नाल्यातून शहरात शिरतं. व्हीनस कॉर्नर, तुमची गल्ली, हा सगळा पट्टा असा मागून भरतो. त्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असतं, म्हणून पुरानंतर पाणी उकळूनच प्या आणि विहीर-बोअरचं पाणी तपासल्याशिवाय वापरू नका. तुमच्या खांबावरचे दोन आकडे आणि उंबऱ्यापासूनचं अंतर पाठवाल का?

कुंभारगल्लीतली | २७ मे, रात्री ११.१०

उद्या सकाळी टेप लावून पाठवते. २०२१ ची रेघ वर आहे, पण २०१९ च्या रेघेशेजारी सासऱ्यांनी "पाणी हलेना" असं लिहिलंय. आधी लक्षच दिलं नव्हतं, आत्ता टॉर्च लावून वाचलं.

चिखलीचा | २८ मे, सकाळी ६.४०

आमचं गाव प्रयाग चिखली, नद्यांचा संगमच आमच्या दारात. १९८९ च्या पुरानंतर आमच्या गावाला आणि आंबेवाडीला सोनतळीत जागा मिळाल्या, तरी बरीच घरं अजून गावातच आहेत. जुन्या दगडी घरात १९८९ ची रेघ कोरलेली आहे, त्याच भिंतीवर एकोणीस आणि एकवीसची पण. घर पुढच्या महिन्यात पाडून आरसीसी बांधणार आहेत. यायचं असेल तर आधी या.

ओढ्याकाठी | २८ मे, सकाळी ७.०५

दादा, एका भिंतीवर तीन पूर! येत्या रविवारी सकाळी आम्ही येतो. लेव्हलवाले दादा, जमेल ना? आधी चिखली, परतताना कुंभार गल्ली, आणि वेळ उरला तर बावड्यात बंधाऱ्याच्या दोन्ही बाजू. कोरलेल्या दगडाचा आजच एक फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून, आणि घरधन्यांना विचारा तो दगड पाडकामात वेगळा काढून ठेवता येईल का.

लेव्हलवाला | २८ मे, सकाळी ७.४०

जमेल. सकाळी सात वाजता शिवाजी पुलाजवळ भेटू. स्टाफ धरायला एक माणूस लागेल.

बावड्याचा | २८ मे, सकाळी ८.१५

स्टाफ मी धरतो. दुपारचं जेवण आमच्यात.